फुगलेली पॉवर बँक: न्यावी, ठेवावी की टाकावी?

नाशिकच्या एका वाचक भगिनींचे पत्र, थोडक्यात:

‘माझे वय ६३. यजमान ६८ वर्षांचे असून वीज खात्यातून निवृत्त झाले आहेत. जुनी वस्तू टाकायची नाही, हा त्यांचा स्वभाव. दिवाणखान्यातल्या शोकेसच्या खालच्या खणात चार जुने मोबाइल, एक बंद पडलेला लॅपटॉप, नातवाच्या खेळण्यांचे चार्ज होणारे सेल, ड्रिल मशीनची सुटी बॅटरी आणि २०,००० एमएएचची एक पॉवर बँक असा संसार साठला आहे. गेल्या महिन्यात पाहिले तर ती पॉवर बँक पुरीसारखी टम्म फुगली होती. मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही एप्रिल आणि मे असे दोन महिने बंगळूरूला जाणार आहोत. मुंबईहून विमान आहे आणि घर कुलूपबंद राहील. यजमान म्हणतात, मुलीच्या ऑफिसात जुन्या बॅटऱ्यांची पेटी आहे, तेव्हा सोबत नेऊ. मुलगा म्हणतो, घंटागाडीत टाकून मोकळे व्हा. मला वाटते, बंदच तर आहे, तशीच पडू द्यावी. भंगारवाला सगळ्याचे मिळून दीडशे रुपये देतो म्हणाला. पण इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटरीला चांगला भाव आला होता, म्हणून यजमानांना हा पटला नाही. मी काळजी केली की ते म्हणतात, “जन्मभर ११ हजार व्होल्टच्या तारांवर काम केले, आता पावणेचार व्होल्टला भिऊ?” शिवाय एका जुन्या मोबाइलमध्ये सासूबाईंच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या आहेत, त्यामुळे त्या खणाला ते कोणाला हात लावू देत नाहीत. भीती घालू नका, पण नेमके काय करू ते सांगा.’

ताई, तुमच्या विनंतीचा मान राखूनच लिहिते. मात्र पुढचे वाचण्याआधी एक काम आजच उरकून घ्या, म्हणजे बाकीचे आपल्याला निवांतपणे बोलता येईल. एखादी रिकामी मातीची कुंडी किंवा जुना पत्र्याचा डबा घ्या आणि त्यात चार बोटे कोरडी वाळू पसरा. पॉवर बँकेला कुठलीही वायर जोडलेली असेल तर ती काढा, पॉवर बँक न दाबता आणि न वाकवता उचला, वाळूवर ठेवा आणि वरून तितकीच वाळू ओता. ही कुंडी गॅलरीत सावलीला, उघड्या फरशीवर ठेवा. जवळ वाळत घातलेले कपडे, रद्दी, पायपुसणे किंवा गॅसचा सिलिंडर नको, आणि घराबाहेर पडण्याच्या वाटेवरही ती नको. डब्याला घट्ट झाकण लावू नका, कारण आतून वायू सुटलाच तर त्याला वाट हवी. वाळूमुळे धोका नाहीसा होत नाही. पॉवर बँकेने पेट घेतलाच तर आग कुंडीपुरती राहण्याची शक्यता वाढते, इतकेच. पण लाकडी शोकेसच्या खणात, चार मोबाइल आणि एका लॅपटॉपच्या शेजारी ती असण्यापेक्षा हे कितीतरी बरे. उचलण्याआधीच ती गरम वाटली, गोडसर उग्र वास आला किंवा फुसफुस ऐकू आली, तर मात्र तिला हात लावू नका. घरातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, त्या खोलीचे दार ओढून घ्या आणि १०१ किंवा ११२ वर फोन करा.

आता तुमच्या ‘बंदच तर आहे’ या वाक्याकडे येते, कारण तुमच्या घरातली तिन्ही मते कमीअधिक प्रमाणात त्याच वाक्यावर उभी आहेत. पॉवर बँकेचा दिवा लागत नाही, फोन चार्ज होत नाही, म्हणजे ती रिकामी झाली, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आतला सेल साधारण तीन व्होल्टच्या आसपास उतरला की त्याच्यावर नेमलेले छोटे सर्किट पुरवठा तोडते आणि आपल्याला शून्य दाखवते. गच्चीवरच्या टाकीचा नळ कोणी बंद केला म्हणून टाकी रिकामी होत नाही, तसेच हे आहे. शिवाय तुमच्या पॉवर बँकेत बिघडले काय आहे, सेल की नुसते सर्किट, हे बाहेरून कळत नाही. सर्किट गेले असेल तर आतले सेल भरलेलेही असू शकतात. फोन, लॅपटॉप, ड्रिल, ट्रिमर या सगळ्यांना हे लागू आहे.

यजमानांचा व्होल्टचा मुद्दा मला मनापासून आवडला, कारण तो चुकीचा नाही, फक्त दुसऱ्या धोक्याबद्दलचा आहे. ११ हजार व्होल्टच्या तारेचे भय झटक्याचे असते आणि पावणेचार व्होल्टचा झटका माणसाला जाणवतही नाही. इथे प्रश्न ऊर्जेचा आणि इंधनाचा आहे. २०,००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-अवर, त्याला ३.७ व्होल्टने गुणले की ७४ वॉट-अवर होतात. पूर्ण भरलेल्या पॉवर बँकेतली ही ऊर्जा सुमारे पाऊण लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला पुरेल. ती एका तळहातावर मावणाऱ्या डबीत कोंबलेली असते आणि तिच्याच सोबतीला पेट घेणारे द्रावकही असते, त्याच्या जळण्याची उष्णता वेगळी. तांब्याचा आणि ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, त्यांच्यावरचे लेप आणि दोघांच्या मध्ये केसापेक्षाही पातळ प्लॅस्टिकचे अस्तर अशी सेलची रचना असते. ते अस्तर कुठे फाटले, टोचले किंवा वितळले की आतल्या आत शॉर्ट सर्किट होते. त्या उष्णतेने शेजारचे रसायन फुटते, त्यातून आणखी उष्णता निघते, आणि एका मर्यादेपलीकडे हे चक्र बाहेरून थांबवता येत नाही. वीज खात्यात काम केलेल्या माणसाला शॉर्ट सर्किट समजावून सांगण्याची गरज नाही. फक्त या शॉर्टला मधला फ्यूज नाही, एवढे त्यांच्या कानावर घाला.

फुगणे म्हणजे काय, तेही सांगते. आतले द्रावण हळूहळू विघटित होऊन त्याचे वायू झालेले असतात आणि बाहेरचे वेष्टण ताणून त्यांनी फुगवलेले असते. बिघाड आधीच सुरू झाला आहे, याची ती खूण आहे. याचा अर्थ ती पॉवर बँक उद्या पेटेलच असा नाही. कित्येक फुगलेल्या बॅटऱ्या महिनोन्महिने तशाच राहतात, आणि म्हणूनच आपण निर्धास्त होतो. पण ती आता विश्वासाची राहिलेली नाही. मोबाइलवर पाहिलेल्या चलचित्रांतून तीन उपाय सर्वत्र पसरले आहेत. ते तिन्ही टाळा. टाचणीने भोक पाडून हवा काढू नका, कारण त्या वायूंत पेटणारे आणि विषारी असे दोन्ही प्रकार असतात आणि टाचणी नेमकी त्या अस्तरातून जाते. फ्रीजमध्ये ठेवू नका. आत पाणी धरते, आणि पेट घेतला तर बंद पेटीत घेते. मिठाच्या पाण्यात बुडवून ती ‘मारून’ टाकण्याचा उपायही घरी करण्यासारखा नाही: टोके गंजतात, हायड्रोजन सुटतो, सेल नीट रिकामा झाला की नाही हे कळत नाही आणि शेवटी बादलीभर दूषित पाणी ओतायचे कुठे, हा नवा प्रश्न उभा राहतो.

सोबत न्यायचा यजमानांचा विचार त्यातल्या त्यात जबाबदारीचा आहे, योग्य पेटीत टाकण्याची इच्छा त्यामागे आहे. पण वाट चुकीची आहे. फुगलेली, खराब झालेली किंवा कंपनीने परत मागवलेली लिथियम बॅटरी प्रवाशाला विमानात नेता येत नाही, हातसामानातही नाही आणि चेक-इनच्या बॅगेतही नाही. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या बुसानच्या विमानतळावर उड्डाणाच्या तयारीत असलेले एक प्रवासी विमान आतून पेटले; १७६ जण घसरगुंड्यांवरून उतरले म्हणून वाचले. आगीची सुरुवात डोक्यावरच्या सामानकप्प्यातून झाली आणि संशय पॉवर बँकेवर आला. सामानाच्या तळघरात तर परिस्थिती आणखी वाईट असते, कारण तिथे पाहायला कोणीच नसते आणि तिथली आग विझवणारा वायू ज्वाळा दाबतो, पण सेलमधली उष्णतेची साखळी तोडत नाही. शिवाय मुंबईपर्यंतचा प्रवास आहेच. एप्रिलच्या दुपारी कसारा घाट उतरताना डिकीत, बॅगांच्या दाबाखाली ती पॉवर बँक असणे, हे मला विमानाइतकेच नको वाटते. कुरियरचाही विचार करू नका. पार्सल पुढे रस्त्याने जाईल की विमानाने, हे आपल्याला ठाऊक नसते, आणि आत काय आहे ते न सांगता पाठवणे म्हणजे आपली जोखीम दुसऱ्याच्या माथी मारणे होय.

मुलाचा घंटागाडीचा उपाय सर्वांत सोपा आणि माझ्या मते सर्वांत वाईट आहे. घंटागाडी म्हणजे काय, हे नाशिककरांना सांगायला नको. पण तिच्यातला कचरा पुढे दाबला जातो, उपसला जातो आणि हातांनी वेगळा केला जातो, हे आपण विसरतो. दाबलेला सेल पेटतो तेव्हा भोवती कोरडे कागद आणि प्लॅस्टिक असते आणि जवळ नावापुरते हातमोजे मिळालेला एखादा माणूस असतो. कायदाही इथे स्पष्ट आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू केले. त्यांनुसार वापरलेली बॅटरी घरच्या कचऱ्यापासून वेगळी ठेवणे आणि ती गोळा करणाऱ्या किंवा पुनर्चक्रण करणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे देणे हे ग्राहकाचे कर्तव्य आहे. अशी बॅटरी जमिनीत पुरायला किंवा जाळायलाही मनाई आहे. बॅटरीवर काट मारलेल्या कचराकुंडीचे चित्र असते, ते याचसाठी.

आणि तुमचे मत? ‘पडू द्यावी’ हे ऐकायला निरुपद्रवी वाटते, कारण त्यात काही करावे लागत नाही. पण नाशिकचा एप्रिल-मे, बंद खिडक्या, तापलेल्या भिंती आणि धूर दिसला तरी कुलूप उघडायला कोणी नाही, अशा घरात एक बिघडलेली बॅटरी दोन महिने ठेवणे हाही निर्णयच झाला, आणि तिघांच्या मतांपैकी याचा परिणाम तुमच्या वर-खालच्या शेजाऱ्यांना सर्वाधिक भोगावा लागेल. तेव्हा ती पॉवर बँक तुम्ही निघण्यापूर्वी घराबाहेर गेलेली हवी, हे पक्के ठरवा. हातात काही आठवडे आहेत, म्हणजे घाईही नाही.

भंगारवाल्याच्या भावाबद्दल यजमानांना जे खटकते, त्यामागे एक खरा अनुभव आहे, म्हणून त्यावर थोडे थांबते. इन्व्हर्टरच्या किंवा मोटारीच्या बॅटरीत निम्म्याहून अधिक वजन शिशाचे असते. शिसे ३२७ अंशांना वितळते, म्हणजे ते परत मिळवणे सोपे आणि विकणेही सोपे. जुनी बॅटरी परत घेण्याचे बंधन या शिसे-आम्ल बॅटऱ्यांच्या विक्रेत्यांवर २००१ च्या नियमांपासून आहे, आणि नवी घेताना जुनीचे पैसे वजा करण्याची पद्धत बाजारात रुळलेली आहे. मात्र ज्या सोपेपणामुळे भाव येतो, त्याच सोपेपणामुळे कोणीही आम्ल गटारात ओतून एखाद्या शेडमध्ये शिसे वितळवू शकतो, आणि त्या धुराने लहान मुलांच्या मेंदूचे कायमचे नुकसान होते. म्हणून पुढच्या वेळीसुद्धा इन्व्हर्टरची बॅटरी उभी ठेवून, आम्ल न काढता, विक्रेत्यालाच परत द्या, चार पैसे कमी मिळाले तरी.

लिथियमच्या बॅटरीचे अर्थकारण वेगळे आहे. आत कोबाल्ट, निकेल, तांबे, लिथियम असते हे खरे. पण ते मिळवायचे तर सेल आधी काळजीपूर्वक रिकामे करावे लागतात, पेट घेणार नाहीत अशा वातावरणात फोडावे लागतात, त्यातून निघालेली काळी भुकटी आम्लात विरघळवून एकेक धातू वेगळा करावा लागतो. हे कारखान्याचे काम आहे, आणि तेही टनावारी माल जमला तरच परवडते. म्हणून घरातल्या एका पॉवर बँकेचा भाव शून्याच्या जवळपासच राहणार. भंगारवाल्याने देऊ केलेले दीडशे रुपये मुख्यतः लॅपटॉपचे असावेत. भंगारवाला लबाड आहे असे मी अजिबात म्हणत नाही. आपल्या शहरांतले बरेचसे पुनर्चक्रण त्याच्याच कष्टांवर चालते. पण फुगलेली बॅटरी हाताळण्याचे साधन त्याच्याकडे नाही, आणि ती हातोड्याने फोडून तांबे काढायचा मोह त्याला झाला, तर भाजणार तोच आहे.

मग द्यायची कोणाला? प्रथम ज्या कंपनीची पॉवर बँक आहे तिच्या ग्राहक सेवेला फोन करा. २०२२ च्या नियमांनी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, तेव्हा तुम्ही उपकार मागत नाही आहात. तिथे दाद लागली नाही, किंवा यजमानांच्या काटकसरीला साजेशी ती बिननावाची निघाली, तर महापालिकेच्या घनकचरा विभागात ई-कचरा कुठे स्वीकारतात ते विचारा आणि केंद्रीय व राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या पुनर्चक्रण कंपन्यांपैकी जवळची शोधा. फोनवर एक प्रश्न नेमका विचारा: ‘लिथियमची फुगलेली बॅटरी तुम्ही घेता का, आणि कशी आणून द्यायची?’ ‘बॅटऱ्या घेतो’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. दुकानात, मॉलमध्ये किंवा ऑफिसात ठेवलेल्या पेट्या धडधाकट जुन्या बॅटऱ्यांसाठी असतात. फुगलेली बॅटरी त्यांत गुपचूप सोडणे म्हणजे आपल्या खणातला धोका पन्नास बॅटऱ्यांच्या ढिगात नेऊन ठेवणे. मुलीच्या ऑफिसातल्या पेटीलाही हे लागू आहे, हे यजमानांना जरूर सांगा.

नेताना सकाळची थंड वेळ निवडा. वाळूचा डबा तसाच, झाकण अलगद ठेवून, मोटारीत किंवा रिक्षात पायांशी ठेवा आणि काच उघडी राहू द्या. स्कूटरच्या सीटखालची डिकी, खिसा, पर्स आणि गर्दीची एसटी यांतून नेऊ नका. वाटेत दुसरी कामे काढून डबा उन्हात उभ्या गाडीत सोडू नका. आणि हातात देताना ‘ही फुगलेली आहे’ असे तोंडाने सांगा. शक्य झाल्यास डब्यावर चिकटवलेल्या कागदावर तसे लिहूनही ठेवा.

खणातल्या बाकीच्या वस्तूंना इतका सोपस्कार लागत नाही. लॅपटॉप आणि मोबाइल घरी उघडत बसू नका. मागचे आवरण उचकटलेले किंवा पडदा वर आलेला दिसला, तर ते उपकरणही फुगलेल्यांच्या रांगेत धरा, नाहीतर अखंड उपकरण ई-कचरा म्हणून द्या. नातवाचे पेन्सिलसारखे सेल बहुधा निकेलचे असतील. ते लिथियमइतके तापट नसतात, पण टोके जुळली की तेही चांगलेच तापतात. एकदा प्रवासात मी असे दोन सेल पर्समध्ये किल्ल्यांबरोबर टाकले होते आणि शिवनेरीत बसल्या बसल्या मांडीला चटका लागल्यावर पर्स उपडी केली. सगळ्या प्रवाशांसमोर किल्ल्या, सेल आणि लिमलेटच्या गोळ्या खाली सांडल्या. तेव्हापासून माझ्या घरी सुट्या सेलच्या दोन्ही टोकांना काळी चिकटपट्टी लागते. ड्रिलच्या बॅटरीच्या उघड्या पट्ट्यांवरही ती लावा. जी बॅटरी अजून कामाची आहे ती निम्मी चार्ज करून थंड, कोरड्या जागी ठेवावी. पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून दोन महिने ठेवली तर ती लवकर म्हातारी होते. इन्व्हर्टरचे पाणी निघण्याआधी पाहून घ्या, आणि घराचा मुख्य स्विच बंद करणार असाल तर इन्व्हर्टरही बंद करा.

बंगळूरूच्या प्रवासासाठी नवी पॉवर बँक घ्याल, असे गृहीत धरते. तिच्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि नोंदणी क्रमांक आहे का, आणि क्षमता ठळक छापलेली आहे का, ते पाहून घ्या. अक्षरे पुसलेली असली तर सुरक्षा तपासणीत ती अडकू शकते. १०० वॉट-अवरपर्यंतची पॉवर बँक विनापरवानगी नेता येते, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते आणि त्याहून मोठी नेताच येत नाही. दहा हजार एमएएचची ३७ वॉट-अवर होते, म्हणजे तुम्हाला तेवढी पुरेशी आहे. कुठलीही सुटी बॅटरी किंवा पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत घालायची नाही, ती हातसामानातच न्यायची, आणि तीही वरच्या कप्प्यात न ठेवता सीटपाशी. ऐनवेळी दारात तुमची हातातली बॅग खाली सामानात घेतली गेली, तर पॉवर बँक आधी काढून घ्या. घाईत हेच विसरते. विमानात पॉवर बँकेवर फोन चार्ज करायलाही आता अनेक कंपन्या मनाई करतात. फोन सीटच्या फटीत पडला तर सीट मागेपुढे करून शोधू नका, फोन यंत्रणेत चिरडतो, कर्मचाऱ्यांना बोलवा.

या पत्राच्या निमित्ताने विजेवरची स्कूटर किंवा सायकल असलेल्या वाचकांसाठी दोन शब्द, कारण त्यांच्या बॅटरीत या पॉवर बँकेच्या वीस-तीसपट ऊर्जा असू शकते. २०२२ मध्ये वसईत घराच्या खोलीत चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा दगावला. बॅटरी घरात आणावीच लागत असेल, तर सगळे झोपलेले असताना ती चार्ज करू नये, दाराच्या वाटेवर ठेवू नये, कंपनीचाच चार्जर वापरावा, आणि गाडी चालवून आल्या आल्या न लावता बॅटरी निवल्यावर लावावी. छोट्या फोनने पेट घेतला आणि तुम्ही सुरक्षित अंतरावर असाल, तर भिंतीवरचे बटण बंद करून भरपूर पाणी ओतता येते. या बॅटऱ्यांवर पाणी चालत नाही हा समज चुकीचा आहे, उलट त्यांना थंड करणे हेच मुख्य काम असते. पण स्कूटरच्या बॅटरीशी झुंजू नये. तिच्या धुरात श्वास घेणेही घातक आहे, आणि विझल्यासारखी वाटून ती पुन्हा पेटू शकते.

आता सासूबाईंच्या ओव्या. यजमान तो खण का उघडू देत नाहीत, याचे उत्तर मला त्यांच्या काटकसरीत नव्हे, तर तुमच्या पत्रातल्या या एका ओळीत दिसले. त्यांना बॅटऱ्या साठवायच्या नाहीत. एक आवाज जपायचा आहे, आणि तो आवाज पॉवर बँकेच्या शेजारी ठेवलेला आहे. संभाषणाची सुरुवात तुम्ही धोक्यापासून केलीत, म्हणून ते ११ हजार व्होल्टवर गेले असावेत. या वेळी ओव्यांपासून करून पाहा.

तो मोबाइल आधी नीट निरखा. मागचे झाकण निघणारा जुना फोन असेल, तर झाकण काढून बॅटरी सपाट आहे का ते पाहा. बॅटरी टेबलावर भोवऱ्यासारखी फिरत असेल, तर ती फुगली आहे. सपाट असेल तर दिवसाउजेडी, फरशीवर ठेवून, दोघे समोर बसून तो चार्ज करा, ध्वनिमुद्रण उतरवून घ्या आणि मग बॅटरी काढून वेगळी ठेवा. फोन मात्र खुशाल जपा, बॅटरीविना तो कुणाचे काही बिघडवत नाही. बॅटरी फुगलेली निघाली तर फोन चार्जरला लावू नका. नीट दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. जुनी बॅटरी काढून दुसरी लावून किंवा बाहेरून वीजपुरवठा देऊन तो फोन चालू करू शकतो, आणि फोन हातात देताना आतला मजकूर पुसायचा नाही हे त्याला दोनदा सांगा. वाळू चाळून उन्हात खडखडीत वाळवण्याचे काम यजमानांकडे सोपवा, त्यांना ते आवडेल. आणि बंगळूरूला निघण्याआधी त्या ओव्यांच्या दोन प्रती करा; एक मुलाकडे नाशकात राहू द्या आणि दुसरी घेऊन जा. बाळ आल्यावर ती लागेल.